जयवंतराव परब यांची मॅनेजरकी उतरली आणि ते कामगार ठरले, त्याची हकीकत

श्री वेतोबा प्रसन्न. नळास पाणी राहो, गॅलरीस कठडा राहो, समस्त भाडेकरूंस सुख राहो. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव या मुलखातील नोकरीवाले, नोकरी गेलेले आणि नोकरी जाईल म्हणून पोट धरून बसलेले, ऐसे सर्व लहानथोर यांसी कळावे जे, कावळे चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील जयवंतराव परब यांनी गाद्यावाल्या कंपनीवर मोहीम केली, ती कैशी केली, कोठे मार खाल्ला, कोणी राखले आणि अखेर फत्ते कैशी जाहली, याविषयी नाक्यावर लोक भलतेच फेकतात. कोणी म्हणतो कंपनीने हात जोडले, कोणी म्हणतो जयवंताने मंत्री आणला. सब झूट. खरे वर्तमान जैसे घडले तैसे इथे सांगितले असे. मीठ टाकले असेल तर चवीपुरते.

परब घराणे मूळ मालवण प्रांतीचे. जयवंतरावांचे तीर्थरूप कैलासवासी शिवा परब हे परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. मग संप जाहला, आणि गिरणीचे दार बंद जाहले, आणि शिवा परब रोज डबा घेऊन त्या बंद दाराशी जात, आणि दरवान सांगे उद्या या, आणि उद्या गेले की तोच जबाब. ना काढल्याचा कागद, ना ठेवल्याचा. त्या उद्याची वाट पाहता पाहता शिवा परब गेले. मागे मातोश्री मीराबाईसाहेब यांनी पोळीभाजीचे डबे चालवून पोर वाढविले, आणि वेतोबाच्या तसबिरीपुढे शपथ वाहिली जे, माझा झील काही होवो, कामगार होणार नाही. तेव्हापासून त्या खोलीत कामगार हा शब्द कोणी काढीत नसे. एक मेची सुट्टी आली तर मीराबाईसाहेब तीस फक्त महाराष्ट्र दिन म्हणत.

मग जयवंतराव मोठे जाहले, बी.कॉम. जाहले, आणि गिरण्या पाडून त्या भुईवर जे काचेचे बुलंद किल्ले उठले त्यातल्या एकात चाकरीस लागले. किल्ल्यात ऑनलाइन गाद्या विकणारी कंपनी. जयवंतरावांची तैनात अशी की, कानाला हेडफोन लावून बसणे आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या घेणे. कोणाची गादी खचली, कोणाची जिन्यातून वर चढेना, कोणी नवराबायको आपसात भांडले आणि दोष गादीचा काढला, त्या सर्वांस जयवंतरावांनी सॉरी म्हणावे आणि पुढचा फोन उचलावा. काम इमानाने केले. मग काही सालांनी पगारवाढ मागितली. कंपनीने मोठी मसलत केली, आणि पगार होता तिथेच ठेवून किताब वाढविला. डेप्युटी मॅनेजर, कस्टमर आनंद. त्या रांगेतल्या सर्वांसच हा किताब मिळाला, आणि चहाचे मशीन पुसणारा तो बेव्हरेज मॅनेजर जाहला, आणि हापिसात मॅनेजर ऐसे दाटले की हुकूम सोडावा तर घ्यायला माणूस शिल्लक नाही. जयवंतरावांच्या हाताखाली माणूस सोडा, मांजर नव्हते.

वर्तमान चाळीत आले तेव्हा मीराबाईसाहेबांनी डोळ्याला पदर लावला आणि घरोघर मालवणी खाजे वाटले, आणि वाटता वाटता दीपकशेठच्या दारी पोहोचल्या. इथेच पुढच्या लफड्याचे मूळ. दीपकशेठ हे चाळीच्या मंडळाचे कार्याध्यक्ष, माणूस दिलाचा मोठा, परंतु बारसे असो की बारावे, फ्लेक्स लावल्याविना या गृहस्थास घास उतरत नसे. त्यांनी स्वखर्चाने दोन मजले उंचीचा फ्लेक्स छापून नाक्यावर चढविला. वर जयवंतराव, डोळ्याला गॉगल, कानाशी फोन, नजर दूर कोठेतरी शत्रूच्या मुलखावर. खाली मंडळाच्या यच्चयावत कार्यकर्त्यांची मुंडकी ओळीने. मधोमध मजकूर जे, लालबागचा ढाण्या वाघ, शेकडो माणसे ज्यांच्या एका इशाऱ्यावर हलतात असे आमचे लाडके जयवंतदादा यांची मॅनेजरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. जयवंतरावांनी दीपकशेठला बाजूला घेऊन पुसले की हे शेकडो लोक कोण, तर दीपकशेठ म्हणाले की अरे तसं लिहायचं असतं. पुढे महापालिकेच्या लोकांनी तो फ्लेक्स उतरवून नेला, परंतु तोवर त्याचे फोटो फोनाफोनांतून पार दुबईपर्यंत गेले होते.

मग तो बाका दिवस उगवला. मनुष्यबळ खात्याच्या मनवाबाई, वय कोवळे, जबान गोड, कंपनीने त्यांसच या कामी पुढे घातले होते. त्यांनी जयवंतरावांस व्हिडिओ कॉलवर हुजूर बोलाविले आणि फर्मान वाचले जे, कंपनी सुटसुटीत करणे आहे, तुमच्याविषयी आम्हांस बहुत आदर आहे, सबब तुमच्या नावास बट्टा लागू नये म्हणून राजीनामा तयार ठेविला आहे, आत्ताच्या आत्ता बटण दाबावे. हा डाव काय, तो नीट समजून घेणे. राजीनामा दिला की माणूस आपल्या पायाने गेला, आणि आपल्या पायाने गेलेल्यास नोटीस नाही, भरपाई नाही, पुढे भांडायला तोंड नाही. कंपनी मोकळी. त्या रांगेतल्या बाकीच्या मॅनेजर लोकांनी घाबरून बटणे दाबली, आणि दाबून वर थँक्यू म्हणाले. जयवंतरावांनी दाबले नाही. शूर होते म्हणून नव्हे. म्हणाले, आईला विचारून सांगतो.

मनवाबाई थक्क जाहल्या. म्हणाल्या की तुम्ही मॅनेजर आहात, मॅनेजर लोक आपले निर्णय आपण घेतात.

"घेतात ना," जयवंतराव म्हणाले. "पण आमच्यात घरी विचारून घेतात."

कंपनीच्या पडद्यावर होय आणि नाही अशी दोनच बटणे होती, घरी विचारतो असे तिसरे कोणी ठेवले नव्हते. मग कॉल बंद जाहला, आणि दुसऱ्या दिवशी जयवंतराव किल्ल्याच्या दाराशी गेले तो त्यांच्या कार्डास दार उघडेना, आणि आतला पहारेकरी, रोजचा राम राम करणारा, आज त्यांच्याकडे न पाहता पंख्याकडे पाहू लागला. बाप जैसा बंद दाराबाहेर उभा राहिला होता, तैसाच लेकही येऊन उभा राहिला. नशीब एवढेच की यावेळी डबा हातात नव्हता, बॅगेत होता.

मग गॅलरीत मसलत बसली. नायगावच्या बीडीडी चाळीतून गौतमराव वकील यांस पाचारण केले. हे जयवंतरावांचे शाळासोबती, बाकावर शेजारी बसणारे, आता कामगारांचे दावे लढतात आणि फी मागताना लाजतात. गौतमरावांनी चहा घेतला आणि तजवीज सांगितली ती ऐशी. राजीनामा द्यावयाचा नाही, कोणी गोड बोलो वा दम देवो. कंपनीस माणूस कमी करावयाचा तर खुशाल करावा, पण रीतसर करावा. आधी नोटीस द्यावी, चाकरीच्या सालांप्रमाणे भरपाई द्यावी, शेवटी आलेल्यास आधी काढावे, आणि पुढे भरती निघाली तर काढलेल्यास आधी बोलवावे. हे सर्व कायद्याने लिहिले आहे, कोणाची मेहेरबानी नाही. फक्त एक गोष्ट. हा हक्क मॅनेजरास नाही, कामगारास आहे.

हा शब्द निघाला आणि मीराबाईसाहेबांचा हात किटलीवर थांबला. म्हणाल्या, आमच्या घरात कामगार कोणी नाय. गौतमराव अदबीने बोलले की काकी, कायदा छातीवरची पाटी बघत नाही, हात काय काम करतात ते बघतो, आणि जयवंता मॅनेजर फक्त पाटीवर आहे. त्यावर मीराबाईसाहेब कप गोळा करून आत गेल्या आणि आत भांडी नको तेवढ्या जोराने वाजली.

मग अर्ज गेला, आणि कामगार खात्याच्या कचेरीत समेट अधिकारी सुभद्राबाई यांच्यापुढे तारीख पडली. या बाई मोठ्या खमक्या, टेबलावर फायलींचे तट, वर पंखा गरगरतो तरी एक कागद उडेल तर शपथ. जयवंतराव आणि गौतमराव कूच करून गेले, आणि संगे दीपकशेठ, पांढरे कपडे, कपाळी टिळा, कोणी बोलाविले नव्हते तरी आधार द्यायला म्हणून. तिकडून मनवाबाई आल्या. गौतमरावांनी बाजू मांडली की हा माणूस फोन घेत असे, हा कामगार. तेव्हा मनवाबाईंनी शांतपणे लॅपटॉप उघडला आणि अधिकाऱ्यांकडे फिरविला. पडद्यावर तो फ्लेक्स. गॉगल, फोन, ढाण्या वाघ, आणि शेकडो माणसे ज्यांच्या एका इशाऱ्यावर हलतात. मनवाबाईंनी अर्ज केला जे, हे आम्ही म्हणत नाही, यांचीच माणसे म्हणतात.

 सुभद्राबाईंनी चष्मा सावरून पुसले की हा फलक कोणी लावला. गौतमराव दीपकशेठच्या पायावर पाय देतील तोवर उशीर जाहला होता.

"आपलंच डिझाइन मॅडम," दीपकशेठ उभे राहून म्हणाले. "फोकस मारले असते तर अजून उठला असता."

ऐसा मोड जाहला. सुभद्राबाईंनी पुढली तारीख देऊन सांगितले की कामाचा पुरावा आणा, नाहीतर माझाही इलाज चालणार नाही. फौज बसमध्ये बसून परत निघाली, दीपकशेठने सर्वांची तिकिटे काढली आणि बाहेर बघत बसले.

आता पुरावा कोठून आणावा. कंपनीतले सोबती बटण दाबून पांगले होते, जे आत राहिले ते फोन उचलीत नव्हते. गौतमरावांनी गॅलरीत उभे राहून सर्वांस पुसले की जयवंताला काम करताना डोळ्यांनी कोणी बघितलं आहे काय. तेव्हा मोठा चमत्कार जाहला. गॅलरीतले एकेक माणूस खाली बघू लागले. कोणी कठड्यावरची चड्डी विनाकारण उलटीसुलटी करू लागले.

त्याचे कारण ऐसे. करोनाच्या टाळेबंदीच्या साली, आणि पुढेही बरेच दिवस, कंपनीने लोकांस घरून काम करावयास सांगितले होते. परबांच्या खोलीत नेट येईना. चाळभर फिरून पाहिले तो एका जागी मात्र दणकून येई, ती जागा म्हणजे गॅलरीचे टोक, सार्वजनिक संडासाच्या दाराशी. मग जयवंतरावांनी तिथे प्लास्टिकचे स्टूल मांडले, मांडीवर लॅपटॉप घेतला, कानाला हेडफोन लावला, आणि कस्टमर आनंदाचा दरबार तिथे भरू लागला. सकाळी बादल्या घेऊन रांग लागे, आणि रांगेतल्या समस्त रयतेने जयवंतरावांचे काम ऐकले. सॉरी मॅडम ऐकले, सॉरी सर ऐकले. आणि सर्वांत मोठे म्हणजे हे ऐकले की मॅनेजरसाहेबांस कळ आली की ते हेडफोनात दबक्या आवाजात ब्रेक मागत, आणि तिकडून त्यांच्याहून निम्म्या वयाचा कोणी टीम लीड, हेडफोनाबाहेर ऐकू येईल ऐशा आवाजात, म्हणे की लाइनवर कॉल आहेत, थांबा. दार हाताच्या अंतरावर, आणि जयवंतराव स्टुलावर मांडी आवळून सॉरी मॅडम म्हणत. चाळीने हे सर्व पाहिले आणि कोणी अवाक्षर काढले नाही. उलट जी रांग एरवी एकमेकांच्या सात पिढ्या काढी, ती त्यांचा फोन चालू असेतो कुजबुजत भांडे. जिन्यात गाठ पडली तर काय मॅनेजरसाहेब, अशी हाक मारीत. मीराबाईस कळू नये, बस, एवढा सर्वांचा मनसुबा.

मग शेजारचे तात्या, जे त्या रांगेत पहिले असत, त्यांनी जयवंतरावांस जिन्यात गाठले आणि सांगितले की आम्हाला सगळं ठाऊक आहे रे, पण ते कचेरीत बोलायचं म्हणजे तुझ्या आईच्या तोंडावर बोलायचं, ते आमच्याच्यानं होणार नाही. जयवंतरावांची मान खाली गेली. इतकी वर्षे त्यांस वाटत होते की हेडफोन आपण घातला म्हणजे इतरांस ऐकू येत नाही. गौतमराव मागोमाग जिना चढत होते, त्यांस म्हणाले की जाऊ दे, राजीनामा देऊन टाकतो, आईपुरता तरी मॅनेजर राहतो.

गौतमराव कधी न चिडणारे, ते चिडले.

"दे," म्हणाले. "तुझ्या बापाला गिरणीने कागद दिला नाही. तू स्वतःच्या हाताने लिहून दे की मला पण नको."

आणि ताडताड जिना उतरून गेले. आता चाळीत मधली भिंत म्हणजे फळकुट. जिन्यात बोलले की खोलीत पोहोचते. खोलीत मीराबाईसाहेब तांदूळ निवडीत होत्या, आणि खडे निवडून झाले तरी बराच वेळ निवडीत राहिल्या.

तारखेच्या सकाळी जयवंतराव कपडे करून बाहेर आले तो मातोश्री नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, चपला पायात अडकवून उभ्या. कोठे, म्हणून पुसले तो त्या पुढे होऊन जिना उतरू लागल्या. त्यांच्या मागे तात्या निघाले, आणि मग रांगेतले बाकीचे एकेक, आणि दीपकशेठही निघाले, त्यांस मात्र गौतमरावांनी तोंड उघडणार नाही अशी आण घातली.

कचेरीत मनवाबाईंनी पुन्हा लॅपटॉप उघडला. सुभद्राबाईंनी पुसले की साक्षीस कोणी आहे काय. तात्या घसा साफ करू लागले, एवढ्यात मीराबाईसाहेब टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"माका सगळा म्हायत होता, बाय," त्या म्हणाल्या. "झील माझो संडासाच्या दाराशी बसलेलो, आणि आत जावक तिकडच्या पोराकडे परवानगी मागी. नाय मिळाली तर गप बसान रव्हायचो. ह्येचो बापूस गिरणीत साचे चालवी, पण मुताक जाताना तो कोणाक विचारी नाय. ह्येका मॅनेजर म्हणतत?"

जयवंतरावांनी आईकडे पाहिले नाही. तात्यांनी तोंड फिरविले. चाळीने आईपासून लपविले, आणि आईने चाळीपासून लपविले, आणि लेकाने दोघांपासून लपविले, ऐसा हा इतक्या सालांचा किल्ला होता, तो एका म्हातारीने आतून दार उघडून पाडला. आणि पाडल्यावर तिने पदर खोचला आणि बाकावर जाऊन बसली.

मग सुभद्राबाई मनवाबाईंकडे वळल्या आणि एकेक पुसत गेल्या. या गृहस्थास कोणास रजा देता येत होती काय. नाही. कोणास ठेवता, काढता येत होते काय. नाही. शेकडो राहू द्या, यांच्या इशाऱ्यावर एक तरी माणूस हलत होता काय. मनवाबाई म्हणाल्या की पदनामात मॅनेजर आहे. सुभद्राबाई म्हणाल्या की पदनाम मला वाचता येते, काम सांगा. तेव्हा मनवाबाईंनी लॅपटॉप मिटला आणि समेट करता येईल, परंतु वर विचारावे लागेल, ऐसे बोलल्या. बाहेर बोळात जाऊन फोन लावला, आणि त्यांस त्यांच्याच कंपनीने होल्डवर ठेवले, आणि तो सतारीचा टोन सर्व कचेरीस ऐकू येत राहिला. तेवढ्या वेळात दीपकशेठ कोणाच्या सांगण्यावाचून खाली गेले आणि सर्वांसोबत मनवाबाईंसही उसाचा रस आणून दिला. रस पिता पिता मनवाबाईंनी गौतमरावांस हळूच पुसले की समजा एखादी मनुष्यबळ खात्याची मॅनेजर असेल आणि तिला पण वर विचारावं लागत असेल, तर ती कशात मोडते. गौतमरावांनी खिशातून आपले कार्ड काढून दिले.

मग वरून हुकूम आला आणि तह जाहला. कलमे ऐशी. राजीनाम्याची मागणी कंपनीने सोडावी. माणूस कमी करणे असेल तर कायद्याप्रमाणे करावा, नोटिशीचा मोबदला, भरपाई आणि जे जे हक्काचे ते सर्व द्यावे. अनुभवाचा दाखला द्यावा. पुढे भरती निघेल तेव्हा यांस आधी कळवावे. कारकुनाने मसुदा टंकता टंकता मान वर करून पुसले की अर्जदाराचा हुद्दा काय घालू. जयवंतराव बोलावयास गेले, तोच बाकावरून मीराबाईसाहेबांनी सांगितले, कामगार घाल. कारकुनाने घातले. सह्या जाहल्या. जयवंतरावांनी सही करण्याआधी एकवार आईकडे पाहिले, ती हो म्हणाली, मग केली.

परत येताना मीराबाईसाहेबांनी नाक्यावर पेढे घेतले आणि चाळभर वाटले. समोरच्या चाळीतल्या बायांनी पुसले की काकी, काय जयवंताला बढती का. तर मीराबाईसाहेब म्हणाल्या की नाय गो, काढल्यानी त्येका, रीतसर काढल्यानी, कागद आसा. बायांस काही उमगले नाही, पण पेढा तोंडात होता, म्हणून अभिनंदन म्हणाल्या.

येणेप्रमाणे कावळे चाळीची मोहीम फत्ते जाहली. राजश्री जयवंतराव शिवा परब, कामगार, यांस कंपनीने नोटीस देऊन, भरपाई देऊन, कायद्याच्या सर्व इतमामाने नोकरीवरून काढून टाकले. ऐसा विजय या घराण्यात मागे कोणास मिळाला नव्हता. सोमवारपासून दुसरी नोकरी शोधणे आहे.